कापलेलं वाक्य

जगात दोनच प्रकारची माणसं असतात, बनवणारी आणि बनणारी, असं मामाचं ठाम मत होतं. स्वतःला तो कुठल्या प्रकारात धरत होता हे विचारायलाच नको. कॉलेजात जाणाऱ्या भाचीचा तो मामा. बाहेर त्याला सगळे ‘कात्री’ म्हणत, कारण लोकांचे व्हिडिओ कापून-जोडून देणं हा त्याचा धंदा होता. खिडकीला काळं कापड ठोकलेली एक खोली, दोन पडदे आणि साय धरलेला चहाचा कप, एवढ्या संसारात बसून हा गृहस्थ जग शहाणं की मूर्ख ते ठरवायचा. बहुतेक वेळा मूर्खच.

त्याचा नियम एकच. बघणाऱ्याचा अंगठा फोनवर टेकलेलाच असतो, तो हलायच्या आत पुढचं वाक्य आलं पाहिजे. म्हणून तो खोकला कापायचा, दम कापायचा, ‘बहुतेक’ आणि ‘काही जणांना’ तर दिसताक्षणी कापायचा. ‘पण’ आला की मेंढरं पळतात, असं तो म्हणायचा.

त्याचं मोठं गिऱ्हाईक म्हणजे श्वासगुरू. हे गुरू काल-परवापर्यंत गाद्या विकत होते. आता पांढरा कोट घालून, जाडजूड पुस्तकांचं चित्र छापलेल्या पडद्यासमोर बसून ते तरुण पोरांना श्वास घ्यायला शिकवत. लिफ्ट बंद असली तर मामाच्या खोलीपर्यंत चढून येताना स्वतःच धापा टाकत, तो भाग वेगळा. एका व्हिडिओत त्यांनी दम्याच्या पंपावर तोफ डागली. ‘पंप म्हणजे नुसती सवय. श्वास कळला की पंप सुटला!’ एवढं बोलून झाल्यावर मात्र त्यांचं त्यांनाच भ्यायला झालं असावं. आवाज उतरवून ते म्हणाले, ‘पण रोजचा पंप डॉक्टरांना विचारल्याशिवाय सोडू नका हं, जिवावर बेतेल.’ मामानं जांभई दिली आणि ते वाक्य कापलं. लांबत होतं.

भाचीला लहानपणापासून दमा. दर रविवारी मामा ताईकडे, म्हणजे भाचीच्या आईकडे, जेवायला जाई आणि मग मामा-भाची फोनवर डोकी जोडून जाहिरातींतली लबाडी हुडकत बसत. ‘ही बारीक झालेली बघ. आधीचा फोटो नंतर काढलाय.’ भाची खिदळायची. ‘आणि डॉक्टर रे, मामा?’ ‘तेही एकाच माळेचे मणी. औषध खपायला नको?’ आपण पोरीला हुशार केली, असं त्याला वाटे. कसली हुशार! त्यानं तिला हसायला शिकवलं होतं, तपासायला नाही. कोण बोलतोय, कशाच्या आधारावर, त्यात त्याचा काय फायदा, हे त्यानं स्वतःच कधी कुणाला विचारलं नव्हतं. आणि सगळेच खोटं बोलतात म्हटल्यावर माणूस आपल्याला सोयीचं खोटं निवडतो. भाचीला मैत्रिणींसमोर पंप ओढायची लाज वाटे. तिनं तिचं निवडलं.

एका दुपारी ती कॉलेजच्या जिन्यात कोसळली. ओठ निळे पडले होते. शिकवणाऱ्या बाईंनी रिक्षात घालून दवाखान्यात नेलं म्हणून वाचली. घरी तिच्या कपाटात न फोडलेले पंप सापडले. डॉक्टरांनी ताईला बाजूला घेऊन सांगितलं, ‘हिनं रोजचा पंप परत सोडला, तर पुढच्या वेळी इथवर पोचेलच असं नाही.’

पोरगी मात्र हटून बसली. ‘सवय लागते त्यानं. मी नाही घेणार.’ आणि तिनं आईपुढे व्हिडिओ धरला. ताईच्या खांद्यावरून मामानं पाहिला. ‘पंप सुटला’ म्हणून झाल्या-झाल्या गुरूंचं डोकं किंचित डावीकडे उडत होतं. तिथंच त्यानं पुढचं वाक्य कापून सांधा मारला होता.

तो धावत खोलीवर गेला, मूळ चित्रण शोधून काढलं आणि दवाखान्यात परतला. पुरावाच आहे म्हटल्यावर काय, आता ऐकेलच, असा त्याचा हिशेब. गाढवपणाला सीमा नसते.

‘हे बघ. हे मूळ. पुढचं मीच कापलं होतं.’

भाचीनं तोंडावरचा मास्क खाली ओढून शेवटपर्यंत पाहिलं. मग हसली, अगदी रविवारसारखी.

‘चांगलं जोडलंयस, मामा. आईनं सांगितलं ना, हिला पटव म्हणून?’

‘अगं, खरंच बोलला तो! आईशपथ!’

‘कुणाच्याही तोंडात काहीही घालता येतं, तूच म्हणतोस. मी काय मेंढरू आहे?’

तिनं मास्क वर चढवला आणि डोळे मिटून घेतले. मामा घशाला कोरड पडेपर्यंत समजावत राहिला. आयुष्यात पहिल्यांदा तो खरं बोलत होता, आणि त्याच्याच हाताखाली तयार झालेली पोरगी त्याला दाद देत नव्हती.

ताईला मात्र तसूभरही शंका आली नाही. तिनं त्याच्या हातातून फोन घेतला, ते वाक्य पुन्हा ऐकलं.

‘हे तुझ्याकडं होतं?’

‘ताई, लांबत होतं गं ते...’

ताईनं फोन त्याच्या हातात ठेवला आणि पोरीच्या पायांवरची चादर सारखी केली.

‘तू आता येत जाऊ नकोस,’ ती हळूच म्हणाली. ‘तुझं फार ऐकते ती.’