बनप्शाचं सरबत

बनप्शाचं जिवंत फूल मी आजतागायत पाहिलेलं नाही. मला ठाऊक आहे तो त्याचा काळपट जांभळा चुरा, कागदाच्या पुडीत बांधलेला. दूध बाजारातले हकीमसाहेब त्याला गुल-ए-बनफ्शा म्हणत, आम्ही बनप्सा म्हणायचो, आणि आत्या नुसतं 'ती खोकल्याची फुलं' म्हणे. पुढे मिशनच्या दवाखान्यातल्या एका गोऱ्या नर्सबाईंनी तो चुरा हुंगून सांगितलं, हे आमचं व्हायोलेट. थंडी सरता सरता रानात झाडांखाली उगवतं, आमच्याकडे बायका ते साखरेत घोळवून ठेवतात. कौतुकानं सांगत होत्या बिचाऱ्या. मला कसलं आलंय कौतुक!

आत्या बालविधवा, सोवळी. माझी आई गेल्यावर तिनंच मला वाढवलं. पंचवटीत दोन खोल्यांत आम्ही दोघीच. वडील इगतपुरीला रेल्वेत, महिन्यातून एकदा यायचे. काळारामाच्या दाराशी सत्याग्रह चालला होता, त्या वर्षांतली ही गोष्ट. मी चौदाची असेन. त्या थंडीत आत्याचा खोकला छातीत उतरला. वैद्यांचे काढे झाले, चाटणं झाली, गुण काही येईना. शेजारच्या काकूंनी हकीमसाहेबांचं नाव काढलं तेव्हा आत्या आधी नाहीच म्हणाली. मग तिनंच तोड काढली. सुक्या जिनसेला विटाळ नसतो. फुलं आणायची नि काढा घरी करायचा.

हकीमसाहेब पुडी बांधता बांधता सांगत, हेच फूल पोरांच्या तापावर द्यावं, कोठा साफ व्हायला द्यावं, ह्याचंच तेल डोक्याला चोळलं की झोप लागते. मी हूं हूं करायची. माझं सगळं लक्ष आत्याच्या खोकल्याकडे.

पौषात खोकल्यातून रक्त पडलं. मी पूल ओलांडून धावत गेले. हकीमसाहेबांनी काढा बंद करायला लावला आणि बनप्शाच्या सरबताची बाटली हातात दिली. म्हणाले, "बेटी, महिनाभर चुकवू नकोस. मध्येच सोडलंस तर मग माझ्या हातात काही नाही."

आता सरबत म्हणजे त्यांच्या घरचं पाणी. आत्याला सांगायची सोय नव्हती. मी ते आमच्या वाटीत ओतलं आणि सांगितलं, फुलं साखरेत आटवून मीच केलंय. तिनं ते घेतलं. आठ-दहा दिवसांत रक्त थांबलं, भिंतीला टेकून ती तांदूळ निवडायला लागली. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, पोरीच्या हाताला गुण आहे हो. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. पण आत्या जगतेय ना, मग लागू दे मला पाप, असं मी मनाशी म्हणायची.

माघातल्या एकादशीला ती आपणहून उठली, अंघोळ करून देवापुढे बसली. एरवी बाळकृष्णाला दाखवल्याशिवाय ती काही तोंडात घालत नसे. आजारपणात ते राहून गेलं होतं. त्या दिवशी तिनं सरबताची वाटी देवापुढे ठेवली आणि भोवती पाणी फिरवलं. माणसाला फसवलं ते फसवलं, पण देवाला?

"आत्या, नको. ते हकीमांच्या घरचं आहे."

ती रागावली नाही. रागावली असती, दोन थोबाडीत दिल्या असत्या, तर बरं झालं असतं. तिनं एवढंच विचारलं, "किती दिवस?" मी म्हटलं, अठरा. ती उठली, त्या गारठ्यात गंगेवर जाऊन बुडी मारून आली आणि ओल्या लुगड्यानं घरात शिरली. मी पाय धरले, औषध घे, प्रायश्चित्त मागाहून घे म्हणून रडले. तिनं पाय सोडवून घेतले. त्यानंतर माझ्या हातचं तिनं काही घेतलं नाही. तिसऱ्या दिवशी ताप भरला, पुन्हा रक्त आलं. काकू पेज करून द्यायच्या.

वडील रजा काढून आले. ताप भरल्याच्या चौथ्या दिवशी दुपारी ती जायला लागली, तेव्हा त्यांनी तिच्या तोंडात गंगेचं पाणी घातलं. मग पळी माझ्याकडे दिली, म्हणाले, तूही घाल. मी पळी तिच्या ओठांशी नेली. तिनं डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं आणि ओठ घट्ट मिटून घेतले. पाणी हनुवटीवरून उशीवर गेलं.

वडील म्हणाले, तिला भान नाही गं.

होतं. चांगलं भान होतं तिला.