तांबं सोडून काहीही

आमच्या शहरात नळाला पाणी येणं हा सणच असतो. त्या दिवशी पिंपं, बादल्या, पातेली, हाताला लागेल ते भरून ठेवायचं. मीही भरते. फरक एवढाच, की इतक्या जिवापाड साठवलेल्या गोड्या पाण्यातलं थोडं मी गाळून, मीठ घालून खारट करते. हे कळल्यापासून शेजारच्या काकू माझ्याशी जरा जपूनच बोलतात.

कारण हॉलमधली तीन फुटी काचेची टाकी. तिच्यात दोन नारिंगी समुद्री मासे होते आणि लाल-पांढऱ्या पट्ट्यांची एक कोळंबी. कोळंबी तिसरी. आधीच्या दोघी आठवडाभरात गेल्या होत्या, आणि ही आली त्या दिवशी नवरा म्हणाला, "हीसुद्धा गेली तर टाकी कुणाला तरी देऊन टाकायची. घरात सारखं सुतक नको." तो हे शांतपणे म्हणाला. आरडाओरडा केला असता तर मी मनावर घेतलं नसतं.

त्या दोघींचा मारेकरी मी आधीच शोधला होता. जुन्या फिल्टरच्या पोटात एक पितळी तोटी होती. पितळेत तांबं असतं, खाऱ्या पाण्यात ते सुटतं, आणि माशांना थोडंफार चालत असलं तरी कोळंबीला ते विषच. तयार फिल्टरच्या आत काय दडलंय ते कुणी उघडून दाखवत नाही, म्हणून नवा मी घरीच करायचा ठरवला. पाण्यात बुडबुडे सोडायचे, घाण फेसाबरोबर नळीतून वर चढते, वरच्या वाटीत जमा होते. त्याला स्किमर म्हणतात. मी शाळेत विज्ञान शिकवते, त्यामुळे हे सगळं सासऱ्यांना आकृती काढून समजावलं.

आबा मूळचे पिशोर गावचे शेतकरी, गुडघ्याच्या उपचारासाठी आमच्याकडे राहायला आलेले. आकृती बघून म्हणाले, "व्हय की. गुऱ्हाळात मळी काढतेत तसं."

तीन महिने वाचून मला जे उमगलं होतं ते त्यांनी एका वाक्यात उरकलं. मला रागच आला.

सामानासाठी औरंगपुऱ्याच्या बाजारात गेले. पीव्हीसी पाइप आणि प्लास्टिकचा नळ लगेच मिळाले. सांधे चिकटवायच्या सिलिकॉनवर अडलं. बुरशी लागू नये म्हणून त्यात औषध घालतात, ते माशांना बाधतं, म्हणून मला बिनऔषधाचा हवा होता. दुकानदार माझ्याकडे बघतच राहिला. "मॅडम, लोगां फफूंद नहीं लगे वाला लेके जाते, तुम लगने वाला मांगरे?" आणि वर आपुलकीनं म्हणाला, "प्लास्टिक का नल नक्को लेव. पीतल का लेव, जिंदगीभर का काम." पितळ म्हटल्यावर मी अशी काही किंचाळले, की शेजारचं गिऱ्हाईक वळून बघायला लागलं.

हवा ओढणारा भाग मात्र कुठंच मिळेना. तो आबांनी काढून दिला. ठिबकच्या पाण्यात खत सोडायला शेतकरी जी व्हेंचुरी लावतात, तिची एक कोरी, अगदी पिशवीतली, त्यांच्याकडे शेतावर पडून होती, ती त्यांनी गावाहून मागवली. निखळ प्लास्टिकची. जोडली आणि पहिल्याच झटक्यात फेस चढला. वाटीत चहासारखं घाण पाणी साठू लागलं. आबा ते आल्यागेल्याला कौतुकानं दाखवायचे. तिसरी कोळंबी मी आणली ती यानंतरच.

टाकीतलं पाणी रोज थोडं उडून जातं, मीठ मागं राहतं, म्हणून तेवढं गाळलेलं गोडं पाणी रोज वरून घालावं लागतं. मी शाळेत असताना हे काम आबांकडं.

एका शनिवारी मी लवकर घरी आले. टाकीच्या तळाशी कोळंबी आडवी पडलेली, पांढरीफटक, डोळे पोकळ. आणि समोर आबा पाणी ओतत होते. तांब्याच्या तांब्यानं.

"आबा! हे काय घातलंत?"

"तुझंच गाळलेलं पाणी. रातभर तांब्यात ठिवलं व्हतं. चार दिस झाले घालतोय. नुसतं पाणी काय पाजायचं मुक्या जिवाला?"

"धातू नको म्हणून सांगितलं होतं ना मी?"

"तू म्हणालीस, गंजतं ते नको. तांबं कुठं गंजतंय?"

खरंच मी तसंच म्हणाले होते. म्हाताऱ्या माणसाला कशाला फोड करून सांगत बसा, म्हणून थोडक्यात उरकलं होतं. पण ते मान्य करायची ती वेळ नव्हती. "कळत नाही तर हात कशाला लावता?" मी म्हणाले.

आबांनी तांब्या खाली ठेवला. "माझ्या पोटाला जे चांगलं, तेच घातलं मी," एवढंच म्हणाले आणि आत जाऊन पडले. चहालाही उठले नाहीत. मला लाज वाटत होती, पण राग तिच्यापेक्षा मोठा होता.

नवऱ्यानं आल्यावर तळाकडं पाहिलं. "उद्या विचारतो, कुणाला हवी का." निदान मासे तरी वाचावेत म्हणून मी अर्धं पाणी बदललं, विष शोषून घेणाऱ्या कार्बनची पुरचुंडी सोडली. मेलेलीला उचलायचं माझ्यानं होईना.

सकाळी आबांची हाक आली. "सूनबाई, तुझं मढं चालतंय बघ!"

कोळंबी दगडावर मिशा हलवत फिरत होती, कालच्यापेक्षा टप्पोरी. तळाशी पडली होती ती तिची कात; ती टाकून ही दगडाआड दडून बसली होती. पाइप निवडायच्या नादात पुस्तकातलं तेवढं पान मी न वाचताच उलटलं होतं, आणि मी विज्ञानाची बाई! चार दिवसांत पाण्यात कितीसं तांबं उतरलं, की ते कार्बननं ओढून घेतलं, मला माहीत नाही. नशिबानं वाचली, एवढं नक्की. नवऱ्यानं टाकीभोवती एक चक्कर मारली आणि मुकाट्यानं पेपर उघडला.

"आबा, चुकलं माझं," मी म्हणाले.

खिडकीतला तांब्या उचलून त्यांनी फुलपात्र भरलं आणि माझ्यापुढं धरलं.

"घे. तुला तरी चालतं का तांबं?"

मी तिथंच तोंडाला लावलं.

"उभ्यानं पाणी पितेत व्हय? बस खाली."

मी खाली बसले आणि शेवटच्या थेंबापर्यंत प्यायले.