मूर्तिमंत त्याग

'मूर्तिमंत', 'साक्षात' असले शब्द ऐकले की माझं डोकं फिरतं. संपानंतर बऱ्याच वर्षांनी लालबागमध्ये जुन्या गिरणी कामगारांचा सत्कार झाला. गिरणीच्या जागेवर टॉवर बांधणारा बिल्डरच प्रमुख पाहुणा! बाबांच्या खांद्यावर शाल टाकून तो माईकवर म्हणाला, "हे म्हणजे मूर्तिमंत त्याग!" त्याग कसला डोंबलाचा? त्या देहात उरला होता तो खोकला, आणि मागांच्या खडखडाटाने गेलेले कान.

साचेखात्यात, म्हणजे माग चालायचे तिथे, त्या खडखडाटामुळे विणकर नुसते ओठ हलवून बोलायचे आणि समोरचा ते ओठ वाचायचा. घरी आम्ही पोरंही तेच शिकलो. बाबांनी बिल्डरचे ओठ वाचले. मग समोर बसलेल्या आपल्या गिरणीतल्या जोडीदारांकडे बघून त्यांनी ओठ हलवले, आवाज न काढता.

बिल्डर गहिवरला. "बघा, शब्दच फुटत नाहीत! साक्षात कृतज्ञता!"

पुढच्या रांगांतले म्हातारे खो खो हसत सुटले. बाबा काय म्हणाले ते मीही वाचलं होतं: "त्याग मी खंय केलंय? ह्या चोरान गिरणी खाल्ल्यान."