अप्पांविरुद्ध कारो-कान

उदगीर स्टेशनवर गाडी लागली तेव्हा अप्पांनी माझी बॅग वर चढवून दिली आणि म्हणाले, "जाय माय. इथं तुझ्याजोगं काय हाय?" आई जाऊन वर्ष झालं होतं. घरात ते एकटेच उरणार होते. मी बेंगळुरूला आले, आणि आमचा फोन 'जेवलीस का' आणि 'हाव' एवढ्यावर संपायला लागला. घर सोडलेल्यांना हे वेगळं सांगायला नको.

मग अप्पांनीच तोड काढली. दर रविवारी दोघांनी आपापला पट मांडायचा आणि फोन स्पीकरवर ठेवून बुद्धिबळ खेळायचं. पांढरी कायम त्यांची. आमच्या घरच्या खेळात प्यादं एकच घर चालायचं, त्यामुळं डाव लई रेंगाळायचा. तेवढ्यात गल्लीतलं सगळं कळायचं. कुणाच्या मुलीचं जमलं, कोण दवाखान्यात हाय, तुरीला फूल कसं हाय. मी मात्र दर डाव हरायचे आणि मनातून चिडायचे. एवढी शिकलेली मी, रिटायर मास्तर असलेल्या अप्पांकडून मार खाऊन राहिले होते.

ऑफिसातल्या मैत्रिणीनं लंच ब्रेकमध्ये मला कारो-कान नावाचा, काळ्यानं खेळायचा बचाव शिकवला. पांढऱ्यानं राजापुढचं प्यादं दोन घरं टाकलं, की काळ्यानं वजिराकडच्या उंटापुढचं प्यादं एक घर सरकवायचं. पुढच्या चालीला वजिरापुढचं, दोन घरं. मग उंट बाहेर काढायचा, आणि त्यानंतरच राजापुढच्या प्याद्याला हात लावायचा. पंधरा दिवस ॲपवर मी तेच घोकलं. आमच्या घरच्या नियमात ते बसत नव्हतं, म्हणून अप्पांना म्हणाले, "आता जगभर दोन घरंच चालतात."

"बरं, तुझं खरं," अप्पा म्हणाले.

त्या रविवारी ते गल्लीचं काहीच बोलले नाहीत. नुसता श्वास ऐकू येत होता. अर्ध्या तासात मी जिंकले आणि, सांगायला लाज वाटते, हसले. "चांगलं शिकलीस," ते म्हणाले. पुढच्या रविवारी त्यांचे डोळे दुखत होते. त्याच्या पुढच्या रविवारी कंबर.

मी म्हटलं, अप्पा, आपल्या जुन्याच नियमानं खेळू.

"नको माय. आता तू मुद्दाम हरशील. मला कळंल ते."

माझ्यासाठी घर म्हणून उरली होती ती रविवारची तासभर बडबड. तीही मीच बंद पाडली. परवा शेजारच्या काकू वारल्याचं मला व्हॉट्सॲपवर कळलं, तेही आठ दिवसांनी. लहानपणी मी त्यांच्याच हातचं जेवायचे. अप्पांना विचारलं, मला सांगितलं का नाही?

"तू तिकडं," ते म्हणाले. "तुला सांगून काय करायचं?"