पहिल्या चौकटीत काय लिहायचं

हडपसरच्या ज्या कंपनीत मी काम करते तिथे आम्ही सिनेमे पाहून त्यांना लेबलं लावतो. मोबाइलवर सिनेमे दाखवणाऱ्या एका ॲपसाठी हे काम चालतं. सिनेमा संपला की स्क्रीनवर तीन चौकटी उघडतात. पहिलीत मुख्य प्रकार लिहायचा: भयपट, विनोदी, कौटुंबिक, प्रेमकथा. दुसरीत त्यात मिसळलेला प्रकार. तिसरीत आतला मसाला: भूतबाधा, सूड, पछाडलेलं घर, जुळी बहीण. शिवाय दोन ओळींचं वर्णन. पहिल्या चौकटीत जे पडेल त्या रांगेत सिनेमा लागतो आणि लोक त्याच तयारीनं तो पाहायला बसतात. प्रत्येक सिनेमा दोघांनी पाहायचा आणि एकमेकांना न विचारता चौकटी भरायच्या. जुळल्या नाहीत तर तो आमच्या विभागप्रमुख बाईंकडे जातो.

मी विदर्भातल्या एका तालुक्याच्या गावची. आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली. सिनेमे पाहायचे आणि त्याबद्दल पगार मिळतो, हे वडिलांना फोनवर सांगितलं तेव्हा त्यांनी दोनदा विचारलं, ‘‘पन काम काय करतं?’’

खरं तर सिनेमाच्या लेबलांशी माझी ओळख गावातच झाली होती. जत्रेत तंबूतला सिनेमा यायचा आणि एक माणूस सायकलरिक्षाला भोंगा बांधून गल्लीगल्लीतून ओरडत जायचा. सिनेमा कोणताही असो, त्याची वाक्यं ठरलेली असत. ‘‘भीतिदायक, हसून हसून पोट दुखवणारा, डोळ्यांत पाणी आणणारा, मारामारीनं भरलेला, सहकुटुंब सहपरिवार पाहा!’’ एकाच सिनेमात सगळं असतं असं मला तेव्हा वाटायचं, आणि तंबूत बसल्यावर ते खरंही ठरायचं. पडद्यावर चेटकीण आली की आम्ही आईच्या पदरात शिरायचो, आणि मागे कुणीतरी घाबरून भजी सांडली की सगळा तंबू हसायचा.

पुण्यात हे चालत नाही. इथे एक शब्द निवडावा लागतो. सुरुवातीला मी एका सिनेमाच्या पहिल्या चौकटीत ‘कौटुंबिक’ लिहिलं होतं, त्यात आजोबांचं भूत घरातल्यांसोबत जेवायला बसतं म्हणून. बाईंनी मला बोलावलं. त्या नारायण पेठेतल्या. आवाज चढवत नाहीत, त्याची त्यांना गरजच पडत नाही.

‘‘आजोबा मेलेले आहेत ना?’’

‘‘हो बाई.’’

‘‘आणि तरी जेवतात.’’

‘‘हो.’’

‘‘मग आपण याला भयपट म्हणू या. तुमच्या घरी चालत असेल, आमच्याकडे मेलेल्या माणसाला दुसरी पोळी वाढत नाहीत.’’

सगळे हसले, मीही हसले. बाईंचा मला राग कधीच आला नाही. मराठीत नीट, नेमकं वाक्य कसं लिहायचं हे मी त्यांच्याकडून शिकले. माझ्या वर्णनातले ‘थरारक’ आणि ‘अविस्मरणीय’ त्यांनी एकेक करून काढून टाकले, अगदी तांदळातले खडे निवडावेत तसे.

माझ्या बरोबरीनं सिनेमे पाहणारा सहकारी पुण्याचाच. त्याच्या घरच्यांचं कॅम्पात पिढ्यान्‌पिढ्या चष्म्यांचं दुकान आहे. भयपट त्याला मनापासून आवडतात. ‘‘आमची दादी हॉरर बघताना दुआ पुटपुटत राहते,’’ तो सांगायचा, ‘‘आणि चॅनेल बदललं की रिमोट फेकून मारते.’’ मी ‘मी येतो’ म्हणाले की तो चिडवायचा, कारण आमच्याकडे बायकाही तसंच बोलतात आणि घाईत माझ्या तोंडून ते निसटतं.

या उन्हाळ्यात आम्हा दोघांकडे एक नवा सिनेमा आला. गावाकडचं मोठं घर, त्यातली मोठी सून. दिवसभर राबते, बोलत नाही. एका पौर्णिमेला ती केस मोकळे सोडून घुमायला लागते आणि वेगळ्याच आवाजात बोलते. ‘‘मला कुणी जेवलीस का विचारलं?’’ असं ती सासऱ्यांना विचारते. खालून कॅमेरा, डोळ्यांची बुबुळं वर गेलेली, कानात खर्जातला आवाज. मधेमधे विनोद म्हणून एक दीर आहे, तो प्रत्येक वेळी पलंगाखाली शिरतो आणि बाहेर निघताना अडकतो. आणि दाराआड तिची लहान मुलगी उभी राहून सगळं पाहते.

मी तिथेच सिनेमा थांबवला आणि पाणी प्यायला उठले. उरलेला नंतर कसाबसा संपवला.

माझ्या आईच्या अंगात येतं. नवरात्रात, अष्टमीच्या दिवशी, देवळासमोर डफडं वाजायला लागलं की ती आधी नुसती डोलते, मग तिचा अंबाडा सुटतो. बायका तिच्या कपाळावर हळदीकुंकू लावतात, तिला प्रश्न विचारतात. एरवी आई वडिलांसमोर मोठ्यानं बोलायची नाही. मी दहावीत होते त्या वर्षी वडिलांनी ठरवलं होतं की दहावीनंतर शाळा बस. त्या अष्टमीला, सगळ्या गल्लीसमोर, आई घोगऱ्या आवाजात म्हणाली, ‘‘पोरीले शिकू दे. सायन्सले टाक.’’

कुणाचंही न ऐकणारे माझे वडील तिच्या पायांवर डोकं ठेवून उभे राहिले ते हात जोडूनच.

घरी परतताना शेजारच्या काकू हळूच म्हणाल्या, ‘‘पन देवीले सायन्स कसं मालूम व?’’

‘‘देवी हाये ते,’’ दुसरी म्हणाली. ‘‘तिले काय मालूम नसते?’’

मी सायन्सला गेले, पदवी घेतली, पुण्याला आले. ज्यांच्यामुळे मी शिकले त्या सगळ्यांचे आभार मानायची मला सवय आहे. शिक्षकांचे, वसतिगृहाच्या बाईंचे. पण ज्या आवाजामुळे हे सगळं सुरू झालं, त्याच्याबद्दल पुण्यात मी कुणाला काहीच सांगितलं नव्हतं. आणि आता त्याच आवाजावर ‘भूतबाधा’ असं लेबल लावायची पाळी माझ्यावर आली होती. मला वाटत होतं की ते मी त्या सुनेवर नाही, आईवर लावणार आहे.

तो पूर्ण आठवडा माझ्या चौकटी रिकाम्या राहिल्या. मी ‘कौटुंबिक’ लिहायचे आणि पुसायचे. जेवणाच्या सुट्टीत सहकाऱ्यानं नियम मोडून हळूच म्हटलं, ‘‘काय भारी पझेशन सीन आहे यार! झोप उडाली माझी.’’ मला त्याच्या ताटातली कोशिंबीर त्याच्या डोक्यावर ओतावीशी वाटली. त्याची काही चूक नव्हती. बसमध्ये खिडकीतून दिसणाऱ्या दुकानांच्या पाट्या वाचताना मी प्रत्येकीला प्रकार देत बसायचे. खोलीत गॅस बंद आहे का ते पुन्हापुन्हा पाहायचे.

त्याच आठवड्यात आई पहिल्यांदा पुण्याला आली. येताना पिशवीभर कुरडया आणि वडिलांच्या सूचना घेऊन आली. शनिवारी दुपारी ती खाली बसून मेथी निवडत होती. सोमवारी चौकटी द्यायच्याच होत्या, म्हणून मी लॅपटॉप उघडला. हेडफोन लावले असते तर तिला काही कळलंच नसतं. पण तीच म्हणाली, ‘‘तुझं काम दाखव ना मले,’’ आणि मी आवाज मोकळा केला. मनातल्या मनात मला वाटत होतं की ती पाहील, ओळखीचं हसेल, आणि म्हणेल की यात घाबरण्यासारखं काय आहे? मग मी ‘कौटुंबिक’ लिहून मोकळी होईन.

सून घुमायला लागली. आईच्या हातातली मेथीची काडी तशीच राहिली. बुबुळं वर गेली, तो आवाज आला, आणि आईनं हात लांब करून लॅपटॉपचं झाकण फाडकन लावलं.

‘‘बंद कर व ते. भुताचा हाये.’’

ती उठून गॅलरीत गेली. खाली रस्त्यावर बसेस, रिक्षा, भाजीच्या गाड्या. मी मेथीच्या ढिगाकडे पाहत बसले.

आत येऊन तिनं विचारलं, ‘‘मी अशीच दिसतो का व?’’

‘‘नाही.’’ मग मी म्हणाले, ‘‘थोडी.’’

‘‘बापा!’’ ती बसली. ‘‘मंग तू भेत होती?’’

हे मला कुणी कधी विचारलं नव्हतं, मीही स्वतःला विचारलं नव्हतं. मी देवळाच्या खांबाआड उभी असायचे, हात खांबाला घट्ट धरून. पुढे मी त्याला श्रद्धा म्हटलं, कृतज्ञता म्हटलं. पण खांबाआड जी होती ती भीती होती. ही बाई पुन्हा माझी आई होईल की नाही, ही भीती.

‘‘हो,’’ मी म्हणाले. ‘‘लय भेत होतो.’’

आईनं काही पानं निवडली. मी विचारून टाकलं, ‘‘तेव्हा तुला कळत होतं का गं? काय बोलतेस ते?’’

‘‘काय बोललो होतो?’’

‘‘सायन्सचं.’’

‘‘मी नाही, देवी बोलली,’’ आई म्हणाली. मान खाली होती, त्यामुळे चेहरा दिसला नाही. मग पुढची जुडी ओढत, ‘‘आर्ट्सले गेली असती तर मास्तरीन झाली असती. तसं बी चाललं असतं.’’ आणि मग, ‘‘लाव. पुढं काय होते तिचं पाहू.’’

आम्ही दोघींनी सिनेमा शेवटपर्यंत पाहिला. सिनेमाच्या म्हणण्यानुसार सुनेच्या अंगात विहिरीत बुडून मेलेल्या एका बाईचं भूत होतं. मांत्रिक येतो, तिला खांबाला बांधतात, भूत जातं. शेवटी सून सगळ्यांना हसतमुखानं वाढते. दीर पलंगाखालून बाहेर येतो, तेव्हा मात्र आई हसली.

‘‘म्हंजे आता बोलनार नाही का ते सून?’’ पडदा काळा झाल्यावर तिनं विचारलं. तिला ते खरंच कळलं नव्हतं. मी म्हणाले, सिनेमा संपला.

सोमवारी मी पहिल्या चौकटीत ‘भयपट’ लिहिलं. माझी आई घाबरली होती, मी घाबरले होते, दुसरं काही लिहिणं खोटं झालं असतं. दुसऱ्या चौकटीत ‘कौटुंबिक’. तिसरी मी रिकामी सोडली. सहकाऱ्यानं पहिल्या दोन चौकटींत लिहिलं होतं ‘भयपट’ आणि ‘विनोदी’, तिसरीत ‘भूतबाधा’. अर्थातच सिनेमा बाईंकडे गेला.

‘‘तिसरी चौकट भरायला विसरलात?’’

‘‘नाही. तिथे तो शब्द नको वाटला.’’

‘‘सिनेमात भूत आहे. मांत्रिक ते काढतो. आपल्याला पटत नाही म्हणून भूत जात नाही हो.’’

मग मी सांगितलं. अष्टमीचं, डफड्याचं, सायन्सचं. सगळं भराभर सांगितलं. सहकारी शेजारीच उभा होता, त्याच्या हातातला चहा निवत होता. बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

‘‘लेबल आपण सिनेमाला लावतो, आईला नाही,’’ त्या म्हणाल्या. ‘‘भूतबाधा राहील.’’ मग स्क्रीनकडे वळून त्यांनी दोघांची वर्णनं वाचली. त्याचं होतं: ‘एका सुखी घरावर भुताची सावली पडते.’ माझं होतं: ‘जिचं घरात कुणी ऐकत नाही अशी मोठी सून एका पौर्णिमेला वेगळ्या आवाजात बोलू लागते. दाराआड उभी राहून तिची मुलगी ऐकते.’

‘‘सुखी घर?’’ बाईंनी सहकाऱ्याला विचारलं. ‘‘सुनेला जेवलीस का हेही कुणी विचारत नाही, ते घर सुखी? तुमचं लग्न झालं नाही ते बरंच आहे.’’ त्यांनी त्याची ओळ काढली. ‘‘वर्णन यांचं राहील. आणि विनोदी नाही, कौटुंबिक. जास्त भीती त्याच्यातच आहे.’’

सिनेमा ॲपवर लागला त्या आठवड्यात आईचा फोन आला. मी तिला त्या दोन ओळी वाचून दाखवल्या. तिनं त्या पुन्हा वाचायला लावल्या.

‘‘बरं लिहिलं,’’ ती म्हणाली. ‘‘अन्‌ भुताचा हाये म्हनून लिहिलं का?’’

‘‘हो. खाली लिहिलंय.’’

‘‘तू लिहिलं?’’

‘‘दुसऱ्यानं.’’

तिनं कुरडया संपल्या का ते विचारलं आणि फोन ठेवला. मी किती तरी वेळ खोलीत येरझाऱ्या घालत होते. तो शब्द मी लिहिला नव्हता हे खरं. पण तो ठेवला जात असताना मी मान डोलावली होती.

या अष्टमीला मी सुट्टी टाकली आहे. नोकरी लागल्यापासून नवरात्रात मी गावी गेलेली नाही. खांबाआड उभं राहायचं नाही, एवढं ठरवलं आहे. पुढे जाऊन तिच्या कपाळावर कुंकू लावायला जमेल का, आणि त्या आवाजानं मला काही विचारलं तर काय उत्तर द्यायचं, ते अजून ठरत नाही.