रिकाम्या पिशव्यांचं हळदीकुंकू

मागच्या रविवारी फोनवर तुमच्यातल्या धाकटीने मला विचारलं, "आजी, सरकारजवळ पैसेच नसले तर ते तरी काय करणार?" मी तेव्हा विषय बदलला, कारण फोनवर माझा आवाज चढला की तुमचे आजोबा टीव्हीचा आवाज वाढवतात. उत्तर आता लिहिते. शांतपणे लिहायचा प्रयत्न आहे, जमेलच असं नाही.

आपल्या गल्लीच्या टोकाचा सरकारी दवाखाना तुम्ही पाहिलाय. थोरल्याचा गुडघा फुटला तेव्हा तिथल्या सिस्टरनेच मलमपट्टी केली होती. दवाखाना तिच्या एकटीवरच चालायचा. ती दिवाळीत निवृत्त झाली आणि तिच्या जागी कोणीच आलं नाही. पैसा नाही, जागा भरणार नाही, असं उत्तर मिळालं.

आपल्या मागच्या खोल्यांत एक जोडपं भाड्याने राहतं. तो गॅरेजात काम करतो, ती पोलकी शिवते. तिचं पहिलं बाळ गेलं. तेव्हा ती इथून वणीला जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका खेड्यात सासरी होती. कळा सुरू झाल्यावर दोघं ऑटोने वणीच्या मोठ्या दवाखान्यात निघाले आणि कोळशाच्या ट्रकांच्या रांगेत अडकले. म्हणून या वेळी त्यांनी मुद्दाम आपल्या खोल्या घेतल्या. खोल्यांना गळती आहे, हे मी आधीच सांगितलं होतं. ती म्हणाली, "गळू द्या जी. दवाखान्यात पायी जाता येते न." संक्रांतीला तिला सातवा महिना होता आणि दवाखान्याला कुलूप होतं.

आमच्या महिला मंडळाचं सामूहिक हळदीकुंकू असतं. प्रत्येकीने वाण आणायचं आणि सगळ्यांना वाटायचं. चहाची गाळणी, कंगवा, साबणाची डबी असं काहीबाही, पण घरी जाताना पिशवी भरलेली असते. या वर्षी मंडळाने ठरवलं की महागाई आहे, वाण बंद, सगळ्यांनी बचत करू. त्याऐवजी बचतीवर भाषण ठेवलं. पाहुण्या म्हणून इथल्या एका पुढाऱ्यांच्या पत्नी आल्या. शहरात त्या गुंतवणुकीचा सल्ला देतात.

बाई छान बोलतात. म्हणाल्या, "देश म्हणजे एक मोठं घरच असतं. आपल्या काकूंकडे बघा ना." त्यांनी माझ्याकडे हात केला. "किराण्याचा डबा वेगळा, दुधाचा वेगळा, लाईटबिलाचा वेगळा. डब्यात असेल तेवढाच खर्च. सरकारने तेच केलं तर काय चुकलं? दवाखान्यात नर्स हवी म्हणता, पण त्यासाठी कर्ज काढलं तर फेडणार कोण? तुमची नातवंडं."

बायकांनी माझ्याकडे बघून टाळ्या वाजवल्या. दाराजवळ भिंतीला टेकून मागच्या खोलीतली ती मुलगी बसली होती. तिनेही टाळ्या वाजवल्या. मला राग आला तो त्या टाळ्यांचा. तिच्या बाळंतपणाची सोय काढून घेतली होती, आणि माझ्या डब्यांच्या कौतुकात गुंडाळून ते तिला पटवलंही होतं.

मी उठले. "माझे डबे वापरायचे होते, तर आधी मला विचारायचं. त्या डब्यांत पैसे कुठून यायचे?"

"काकांच्या पगारातून," बाई हसून म्हणाल्या.

"काका पाटबंधारे खात्यात होते. मी सरकारी शाळेत इंग्रजी शिकवलं. आता दोघांची पेन्शन येते. सरकारने खर्च केला म्हणून माझा डबा भरला. तेव्हा सरकारनेही डबे मोजले असते, तर आज तुम्हाला दाखवायला डबाच नसता."

कोणी हसलं नाही. मग मी बायकांना विचारलं, आज पिशवी कोणी कोणी आणली? माझ्या शेजारची म्हणाली, "सवयीनं आनली जी मॅडम. आता तिले काय हळदीचा हात पुसू?" यावर मात्र सगळ्या हसल्या.

"आपण सगळ्यांनी बचत केली ना? मग पिशवी रिकामी काहून?" मी विचारलं.

मागून कोणीतरी म्हणालं, "सगळ्याच वाचवून राह्यल्या, तं देईन कोन?"

मला एवढंच म्हणायचं होतं. एका घराने हात आखडला तर त्या घराचे पैसे वाचतात. सगळ्यांनी एकदम आखडला तर सगळ्यांच्याच पिशव्या रिकाम्या राहतात, कारण एकीचा खर्च ही दुसरीची मिळकत असते. अशा वेळी हात मोकळा सोडू शकेल असं एकच कोणीतरी असतं, आणि ते म्हणजे सरकार. मला नोटा छापता येत नाहीत, सरकारला येतात. राज्याला येत नाहीत, केंद्राला येतात, एवढं मलाही समजतं. पण दोघंही उदाहरण देतात ते माझ्या स्वयंपाकघराचं.

आणि ज्या कर्जाची तुम्हाला भीती घालतात, त्यातलं थोडं आपल्याच कपाटात आहे. आजोबांची पोस्टातली सर्टिफिकिटं तुम्ही पाहिली असतील. त्यांना आपण बचत म्हणतो. तेच पैसे सरकारच्या बाजूने पाहिले की त्यांचं नाव कर्ज होतं. उद्या सरकारने आपलं सगळं कर्ज फेडून टाकलं, तर लोकांनी अशी बचत ठेवायची कुठे, हे मला त्या बाईंना विचारायचं राहून गेलं.

म्हणजे कितीही खर्च करावा, असं मी म्हणत नाही. बाजारात नसलेल्या वस्तूच्या मागे पैसा लागला की भाव चढतो. म्हणून आधी विचारायचं की नर्स आहे का. आपल्याच गल्लीत नर्सिंग झालेल्या दोन मुली घरी बसून आहेत. दवाखान्याची इमारत उभी आहे. बाळंत होणारी बाई आहे. नाही म्हणतात तो फक्त पैसा, म्हणजे सरकार स्वतःच काढू शकतं ती एकच गोष्ट. आणि तोच पैसा जड गाड्यांसाठी रस्ता रुंद करताना कधी कमी पडत नाही. कोणाच्या नफ्याला हातभार लागत असेल, तर खर्चाला विकास म्हणतात. बाळंतिणीवर झाला की तो बोजा ठरतो.

बाई जाताना म्हणाल्या, "काकू, तुमचं वाचन फार. पण भावनेवर देश चालत नाही हो."

दवाखान्याचं कुलूप तसंच राहिलं. मुलीचे दिवस भरले तेव्हा निवृत्त सिस्टर सकाळी चालत आली. स्वतःच्या पैशाने घेतलेले हातमोजे घालून तिने मागच्या खोलीत बाळंतपण केलं. मुलगी झाली. दोघी सुखरूप आहेत. त्या दिवशी मी चार वेळा चहा केला आणि एकदाही प्यायले नाही.

मग मंडळाने सिस्टरचा सत्कार ठरवला. त्याच बाई घरी शाल घेऊन आल्या. ती मी माझ्या हाताने द्यावी, असं त्यांचं म्हणणं. "बघा काकू, सरकारचा एक रुपया खर्च न होता काम झालं की नाही? याला सेवा म्हणतात."

"खर्च झाला," मी म्हटलं. "तुम्ही केला नाही, सिस्टरने केला."

सिस्टर तिथेच बसली होती. ती म्हणाली, "शाल कायले पाह्यजे मले, मॅडम? उन्हाळा लागला. माह्या जागेवर कोनी आनून बसवा. माहे गुडघे आता ऐकत नाई."

मी शाल ठेवून घेतली. नवी सिस्टर रुजू होईल त्या दिवशी तिच्या अंगावर घालीन, असं बाईंना सांगितलं. तेव्हापासून ती माझ्या कपाटात डांबराच्या गोळ्या घालून पडून आहे आणि मंडळाने अजून परत मागितलेली नाही.

काल मागच्या खोलीतली मुलगी बाळाला घेऊन आली. लस कुठे टोचायची, विचारत होती. निवृत्त सिस्टरला लस मिळत नाही, लस फक्त सरकारी दवाखान्यातच येते. म्हणून मंगळवारी ही मुलगी बाळाला घेऊन वणीला जाणार आहे, पहिल्या वेळी गेली होती त्याच रस्त्याने. मी सोबत जाते आहे.