काळी वडी

विद्यापीठात आमच्या शेजारच्या प्रयोगशाळेतली अनुजा, भट्टीतून काढलेली वडी तळहातावर घेऊन माझ्या टेबलापाशी आली. रुपयाएवढी, काळी, मधोमध तडकलेली. "तुझा पदार्थ फुटला गं," ती म्हणाली आणि वडीवरची भुकटी अंगठ्याने हळूच पुसत राहिली.

माझाच होता तो. कुठला अणू कुठे बसवायचा, हे मी महिनाभर कॉम्प्युटरवर गणितं करून ठरवलं होतं; त्यावरून भुकटी दाबून, भट्टीत भाजून प्रत्यक्ष वडी केली ती अनुजाने. पडद्यावर तो अजूनही शाबूत होता. माझे पदार्थ कधी तडकत नाहीत. त्यांना वास नाही, वजन नाही. चूक माझ्या गणितात असेल कदाचित, पण त्याचं मला काही वाटत नव्हतं. मला अनुजाचा हेवा वाटत होता. तिच्या नखांत काळं बसलं होतं. माझी नखं वर्षभर स्वच्छच आहेत.

"बघू," म्हणून मी वडी घेतली. अजून कोमट होती. माझ्या पदार्थाला मी पहिल्यांदाच हात लावत होते, तोही तिच्याकडून मागून.

"दे, डबीत टाकते. फुटलेल्या सगळ्या जपून ठेवते मी," ती म्हणाली.

मी मूठ मिटली.